बांगडीचा रकाना

एकाच सकाळी एकोणीस बायकांची हृदयं बिघडली.

म्हणजे माझ्या लॅपटॉपवर तरी तसं दिसत होतं. आदल्या दिवशी फक्त दोन नावांपुढे लाल ठिपका होता. आज एकोणीस. चहा तसाच ठेवून मी पुण्याला निखिलला फोन लावला.

‘‘पाहिलंत का?’’

‘‘पाहिलं मॅडम. तिकडे काही साथ वगैरे आहे का?’’

‘‘हृदयाची साथ येत नसते हो.’’

‘‘मग तुम्ही जाऊन बघता का?’’

जाऊन बघणं हेच माझं काम होतं. एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन होते. छातीला तारा लावायच्या, कागदावर हृदयाची रेघ काढायची आणि ती डॉक्टरांपुढे ठेवायची. मी नर्स कधीच नव्हते, पण पांढरा कोट घातलेली बाई म्हणजे सिस्टर, असा आपल्याकडचा हिशोब. निम्मा धाराशिव जिल्हा मला आजही सिस्टर म्हणतो. रिटायर झाल्यावर घरात बसवेना. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीला इकडे माणूस हवा होता. निखिल त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर. वयानं माझ्या मुलाएवढा, पण साहेब. म्हणून मी त्याला अहो-जाहोच करायचे.

कंपनीचा हाताला बांधायचा पट्टा होता. पावलं मोजणारे पट्टे आता सगळ्यांनी पाहिलेत, तसाच. त्याच्या पोटाला हिरवा दिवा असतो. दिवा कातडीवर उजेड टाकतो आणि प्रत्येक ठोक्याला रक्त सरकलं की परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. त्यावरून पट्टा नाडी मोजतो. यात नवीन काय, तर ॲपमधलं एआय दोन ठोक्यांमधली अंतरं तपासायचं आणि लय चुकतेय असं वाटलं की इशारा द्यायचं. हे फिचर अजून ट्रायलवर होतं. त्याची परीक्षा घ्यायला कंपनीनं बेंबळीच्या पुढच्या एका गावातल्या बचत गटाच्या सेहेचाळीस बायकांना पट्टे दिले होते. लाल ठिपका आला की मी स्कूटीवर छोटं ईसीजी मशीन टाकून जायचं आणि ठिपका खरा की खोटा ते लिहायचं.

लय चुकणं म्हणजे काय, तेही सांगते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी ठेक्यात आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरायला सुरुवात केली, की नाडी कशीही पडते. डॉक्टर त्याला एएफ म्हणतात. माणसाला कधी धडधड होते, कधी दम लागतो, कधी काहीच कळत नाही. पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गाठ होऊ शकते. ती गाठ मेंदूकडे गेली की अर्धं अंग लुळं पडतं. म्हणून हे लवकर सापडलेलं बरं. पट्ट्याची कल्पना चांगलीच होती, तिला मी आजही नावं ठेवणार नाही.

ॲपला मात्र ठेवीन. ते मराठीत सल्लेही द्यायचं. दिवसभर रानात खुरपून आलेल्या बाईला एकदा त्यानं ‘आज तुमची हालचाल कमी झाली, थोडा हलका व्यायाम करा’ असं सांगितलं होतं. पट्टा तिनं पाण्याच्या घागरीला अडकवून ठेवला होता, हा भाग वेगळा.

तर त्या सकाळी मी गावात पोचले. पहिल्या चार बायकांचे ईसीजी काढले. चारही ठीक. एकीनं तर मलाच विचारलं, ‘‘सिस्टर, तुमचं मशीन बंद पडलंय का माजं काळीज?’’

पाचवी सारिका. पंचविशीची, तोंडाची तिखट. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

‘‘बसा जरा, एवढ्या दोन थापते, मग लावा तुमच्या तारा.’’

मी बसले. तिचा मोबाईल फळीवर होता, ॲप उघडं होतं. भाकरी थापणाऱ्या हातात कोपरापर्यंत हिरव्यागार नव्या बांगड्या आणि त्यांच्यावर ढकललेला पट्टा. थाप पडली की बांगड्या वाजायच्या आणि पट्टा खालीवर व्हायचा. मी मोबाईलकडे बघितलं. नाडी एकशे तीस. सारिका तर निवांत गप्पा मारत होती. घड्याळ लावून मी तिच्या थापा मोजल्या. जेवढ्या थापा, जवळपास तेवढीच नाडी. ती भाकरी उलटायला थांबली की आकडा कोसळायचा, पुन्हा थापायला लागली की चढायचा. एआयच्या दृष्टीनं याहून बिघडलेली लय कुठली असणार?

‘‘बांगड्या कधी भरल्या गं?’’

‘‘परवाच की. महालक्ष्म्या आल्या न्हवं! कासारीण आलती. अख्ख्या गल्लीनं भरल्या.’’

बांगड्यांना जागा करायला सगळ्यांनी पट्टे सैल करून वर सरकवले होते. बाहेर येऊन मी निखिलला सांगितलं. तो खूश झाला, पण मला एक गोष्ट पटत नव्हती.

‘‘अहो, हे फिचर माणूस शांत बसलेला असतानाच बघतं म्हणाला होतात ना? सलग पाच मिनिटं?’’

तो घुटमळला. ‘‘आधी तसं होतं. पण तुमच्या ग्रुपमध्ये पाच मिनिटं शांत बसल्याच्या नोंदीच मिळत नव्हत्या. डेटा येईना. म्हणून गेल्या आठवड्याच्या अपडेटमध्ये ती अट सैल केली.’’

‘‘बायका पाच मिनिटं बसतात कधी, हे मला विचारायचंत.’’

‘‘सॉरी मॅडम. आता काय करूया?’’

इथं मी म्हणायला हवं होतं की अट पूर्वीसारखी करा. पण अट कडक केली की डेटा आटणार, डेटा आटला की ट्रायल गुंडाळणार, आणि मला काम आवडत होतं. मी हुशारी केली. म्हटलं, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा. हातात बांगड्या आहेत का, हो किंवा नाही. हो असेल त्या बाईचा इशारा लगेच पाठवू नका, बाजूला ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकत्र बघा.

‘‘एकदम हिट आयडिया!’’ निखिल म्हणाला. संध्याकाळपर्यंत रकाना तयार होता. भरायचं काम माझ्याकडे.

मी तो घरी, जेवणाच्या टेबलावर बसून भरला. सेहेचाळीस नावं, सेहेचाळीस वेळा ‘हो’. दहा मिनिटंही लागली नाहीत.

विचारलं का नाही? कारण आपल्याकडे बाईला असं विचारत नाहीत. ‘तुमच्या हातात बांगड्या आहेत का’ म्हणजे ‘तुमचा नवरा आहे का’ असंच ऐकणारीला ऐकू येतं. जिच्या हातात असतील ती म्हणणार, असं अभद्र काय विचारता. जिच्या नसतील तिच्या दुःखावर बोट ठेवल्यासारखं होणार. दवाखान्यात मी हजारो बायकांना ‘ब्लाउज काढा’ म्हटलंय, त्याचं काही वाटलं नाही. हा एवढा प्रश्न मात्र फोनवर विचारायला जीभ रेटेना. बाई आहे म्हणजे बांगड्या असतील, असं धरून मी मोकळी झाले.

लाल ठिपके थांबले. निखिलनं मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मीही दोन दिवस जरा ताठ चालले.

पंधरा दिवस व्हायच्या आधीच, अकराव्या दिवशी दुपारी त्यानं बाजूला ठेवलेल्या इशाऱ्यांची यादी पाठवली. सोबत अंगठा दाखवणारं चित्र. मी सहज वाचत गेले. सगळ्यांच्या वेळा सारख्या, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात. भाकरीच्या वेळा. एका नावापुढे मात्र वेळाच वेगळ्या. दुपारी एक वाजून चाळीस. सव्वातीन. पहाटे पाच. रोज दोन-तीन, आणि दिवसागणिक वाढत गेलेल्या.

कमल. वय चव्वेचाळीस.

मी नाव दोनदा वाचलं. दुपारी दीडला भाकरी कोण थापतं? चेहरा आठवेना. पट्टे बांधले त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात नुसती गर्दी होती. डायरी काढली. माझी सवय आहे, प्रत्येकीपुढे दोन शब्द लिहून ठेवायचे. कमलच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘मनगटावर गोंदण, पट्टा दोन बोटं वर.’

गोंदणाच्या शाईनं हिरवा उजेड अडतो, म्हणून तिचा पट्टा मी स्वतः वर सरकवून बांधला होता. गोंदण मला आता नीट आठवलं. मनगटभर पसरलेली तुळस, शेजारी नाव. सबंध दिसली होती मला ती तुळस. मध्ये एकही बांगडी नव्हती.

म्हणजे तिचे इशारे बांगड्यांचे नव्हतेच.

कमलला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. निखिलला लावला.

‘‘गोंदणामुळे असेल मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘टॅटूचा आर्टिफॅक्ट.’’ आर्टिफॅक्ट म्हणजे खोटी खूण, हृदयाऐवजी दुसऱ्याच कशानं तरी उमटलेली.

‘‘पट्टा गोंदणाच्या वर आहे. मीच बांधलाय.’’

‘‘मग उद्या सकाळी जाऊन बघा ना.’’

‘‘अकरा दिवस आपण तिला बाजूला ठेवलंय निखिल. उद्या नाही.’’ त्याला एकेरी हाक मारली हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सारिका कमलची धाकटी जाऊ, हे माझ्या यादीत होतं. तिला फोन केला.

‘‘आक्का रानात गेल्यात. सोयाबीन काढाय. का वं सिस्टर?’’

‘‘तब्येत बरी आहे का त्यांची?’’

‘‘दम लागतुय म्हनत व्हत्या चार दिस झालं. मोबाईल बी म्हनला, दीर्घ श्वास घ्या. घेत्यात बिचाऱ्या.’’

मला रागही आला आणि रडूही. इशारा बाजूला ठेवला की ॲप बाईला काहीतरी गोड बोलून गप्प करणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

धाराशिवहून बेंबळीचा रस्ता मी शेकडो वेळा गेलेय. त्या दिवशी तो संपेना. समोर सोयाबीनच्या भुसकटाची ट्रॉली, तिला ओलांडावं तर वळण. मनात एकच चाललं होतं. अर्धं अंग लुळं पडलेली माणसं मी स्ट्रेचरवर पाहिलीत. तोंड वाकडं, एक डोळा आपल्याकडे. त्या सगळ्या चेहऱ्यांच्या जागी मला आता कमल दिसत होती. मध्येच वाटायचं, छे, आर्टिफॅक्टच असेल, आपण उगाच घाबरलोय. तेवढ्यानं बरं वाटायचं आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटायची.

सारिका वाटेवर उभी होती. तिला मागे बसवून रानापर्यंत गेले. कमलबाई बांधावरच्या बाभळीखाली बसल्या होत्या, विळा बाजूला टाकून. मला बघून उठायला लागल्या.

‘‘उठू नका. बोलता येतंय ना नीट? हात वर करा दोन्ही.’’

‘‘आवं, पोलीस हाईत का तुमी?’’ त्या हसल्या. तोंड सरळ होतं. दोन्ही हात वर गेले. माझा निम्मा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि उरलेला निम्मा तिथंच अडकला. ठोके येतील तसे येत होते. दोन भराभर, मग लांब खळ, मग एक हलकासा, पुन्हा तीन. पट्टा मी आधीच काढून बाजूला ठेवला होता.

घरी नेऊन बाजेवर झोपवलं, ईसीजी काढला. कागद सरकायला लागला तसं कळलंच. प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी एक छोटा उंचवटा असतो, तो कुठंच नव्हता. त्याच्या जागी बारीक थरथर. दोन ठोक्यांमधलं एकही अंतर दुसऱ्यासारखं नाही. निदान सांगणं टेक्निशियनचं काम नाही, पण एकतीस वर्षं ही रेघ बघितल्यावर ती वाचायला डॉक्टर लागत नाही. फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, लगेच घेऊन या.

‘‘कमलबाई, आत्ता धाराशिवला जायचं. ॲम्ब्युलन्स बोलावतेय.’’

‘‘आत्ता? न्हाय वं. ढग आल्यात बगा. काढलेलं समदं उघडं पडलंय. भिजलं तर काय राहतंय?’’

‘‘सोयाबीन परत येईल पुढच्या वर्षी.’’

‘‘तुमाला काय जातंय म्हनायला.’’

बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्यापुढे कागद धरला. ‘‘हे बघा. हे तुमचं हृदय. असं नुसतं थरथरतंय. आत रक्ताची गाठ झाली आणि मेंदूत गेली तर हा हात विळा धरणार नाही. परवा होईल, नाहीतर आज रात्री. कधी ते मी सांगू शकत नाही.’’

कमलबाईंनी कागद हातात घेतला, पण नजर ढगांकडेच.

सारिका म्हणाली, ‘‘आक्का, ताडपत्री घिऊन म्या जाते. गंज लावते आन् झाकते. भिजू देत न्हाय. तुमी उठा.’’

तेव्हा कुठं त्या उठल्या.

दवाखान्यात त्यांना पाच दिवस ठेवलं. डॉक्टरांनी नाडी आवरायची आणि रक्त पातळ करायची औषधं चालू केली. मग सोलापूरला इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक झडप अरुंद निघाली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हाचं दुखणं. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘आणखी दिवस काढले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही. वेळेवर आणलंत.’’

वेळेवर!

निखिलचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. ‘‘मॅडम, म्हणजे अल्गोरिदम बरोबर होता! पहिल्या दिवसापासून पकडलं होतं त्यानं. प्रेझेंटेशनमध्ये हीच केस पहिली घेऊ. एआयनं जीव वाचवला.’’

‘‘घ्या. त्याखाली हेही लिहा की आपण अकरा दिवस त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.’’

‘‘ते... तसं लिहिलं तर...’’

‘‘तसंच लिहायचं. रकाना माझ्या डोक्यातून आला, भरला मी, चुकीचा भरला मी. माझ्या नावानं लिहा. तुम्हाला नको असेल तर मी स्वतंत्र मेल करते सगळ्यांना.’’

मी मेल केलाच. पुढच्या अपडेटमध्ये पाच मिनिटांची अट परत आली. इशारा बाजूला ठेवला असेल तर ॲपनं बाईला गोड बोलायचं नाही, नोंद नीट आली नाही एवढंच सांगायचं, हेही ठरलं. निखिलला मी सगळा दोष देणार नाही. त्याला बांगड्यांचा आणि नवऱ्याचा संबंध माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होता, म्हणूनच तर मी विचारलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. कमलबाई खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. चेहरा उतरला होता, पण दम लागत नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. ठिपके, रकाना, सेहेचाळीस वेळा ‘हो’. तुम्हाला विचारायला अवघड वाटलं, हेही सांगितलं. सांगताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनी बिस्किट खाल्लं. मग म्हणाल्या, ‘‘इचारायचं व्हतं की. म्या काय खाल्लं असतं व्हय तुमाला?’’

‘‘चुकलं माझं.’’

‘‘तसं न्हाय वं. मालक जाऊन नऊ वरसं झाली. हळदीकुकवाला बोलवायचं का न्हाय, ओटी भराय म्होरं करायचं का न्हाय, मला कुनी इचारत न्हाय. आपलं आपन ठरवत्यात आन् बाजूला करत्यात. का, तर मला वाईट वाटंल. तुमच्या मोबाईलनं बी तेच केलं म्हना की.’’

मोबाईलनं नाही, मी केलं. तेवढं मी त्यांना सांगितलं. ‘‘व्हय, तुमीच केलं,’’ म्हणाल्या आणि माझ्यापुढे बिस्किटाचा पुडा धरला.

त्या दुपारी मी घरी यादी घेऊन बसले आणि एकेकीला फोन लावला. बांगड्या घालता का? किती? पट्टा कुठं बांधता? पाच जणींच्या हातात बांगड्या नव्हत्या. त्यातल्या दोघींचे नवरे ठणठणीत होते. एक शिलाई मशीन चालवायची, दुसरीला काचेनं पुरळ यायचं. एक आजी नवरा गेल्यावरही डझनभर घालत होत्या आणि कितीला घेतल्या तेही त्यांनी सांगितलं. सगळे फोन मिळून दोन तास लागले. कुणीही रागावलं नाही.